आठवणीचे वय

मराठीत आत्मकथने भरपूर लिहिली जातात. निवृत्तीनंतर स्वखर्चाने छापून नातेवाइकांत वाटलेल्या पुस्तकांपासून नामवंत प्रकाशनांच्या ग्रंथांपर्यंत त्यांचा पसारा मोठा आहे. ती एकापाठोपाठ एक वाचली की एक गोष्ट वारंवार नजरेला येते. बालपणाच्या प्रकरणात लेखकाचे कान, नाक, जीभ, त्वचा असे सगळे जागे असते. शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा, पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास, परसातल्या रहाटाची करकर यांनी ती पाने भरलेली असतात. मॅट्रिकची परीक्षा झाली, लेखक शहरात आला, नोकरीला लागला, की ही इंद्रिये एकेक करून मिटत जातात. पुढची दोनशे पाने बदल्या, बढत्या, भेटलेली माणसे आणि मिळालेले मानसन्मान यांची होतात. ज्या कचेरीत माणसाने तीस वर्षे काढली तिथल्या फायलींचा कुबट वास, टाइपरायटरचा खडखडाट, दुपारच्या थंड डब्याची चव यांतले काहीही त्याला सांगावेसे वाटत नाही. बालपणाच्या भरगच्च प्रकरणात उलट अडचण असते. आजोळचा उन्हाळा नेमका कोणता, लेखक तेव्हा पाच वर्षांचा होता की अकरा, घरात कोण कोण हयात होते, याचा पत्ता लागत नाही. पूर्वार्धात इंद्रिये आहेत आणि काळ नाही, उत्तरार्धात काळ आहे आणि इंद्रिये नाहीत. आठवणी लिहू पाहणाऱ्यांच्या हाती द्यायच्या या पुस्तकाच्या आरंभी मला जे मांडायचे आहे ते या तुटीबद्दल आहे. काळाची मांडणी आणि इंद्रियानुभवाचे तपशील ही दोन निराळी कौशल्ये मानली जातात आणि निराळी शिकवली जातात. माझ्या मते ते एकच काम आहे. कोणताही वास, कोणतीही चव ही कोणाला तरी, कोणत्या तरी वयात, कोणत्या तरी जागी उभे असताना आलेली असते. ते वय आणि ती जागा गाळून तपशील लिहिला की तो कोणाचाही होतो, आणि साक्ष म्हणून त्याचा उपयोग संपतो.

विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्ये याचा ठळक दाखला आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा चांगली मिळेल, असे कळल्यावर १८५७ साली ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. १८५८ साली झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. लेखन मात्र १८८३च्या सुमाराचे, म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांचे. पंचवीस वर्षांनी लिहिलेल्या मजकुरावर किती विसंबायचे? पुस्तक नीट वाचले तर त्यात दोन प्रकारची माहिती शेजारी शेजारी नांदताना दिसते. बंड का झाले, कलकत्त्यास काय ठरले, कोणत्या राजाने काय निरोप पाठवला, हे गोडसे ऐकीव गोष्टींवरून सांगतात, आणि त्यातले पुष्कळसे इतिहासकाराला बाजूला ठेवावे लागते. जिथे त्यांचे स्वतःचे शरीर हजर आहे तिथे लेखनाची जातच बदलते. झाशी पडल्यानंतरचे जीव मुठीत धरून काढलेले दिवस घ्या, किंवा काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी झालेली राणीची भेट घ्या. ती पठाणी वेषात आहे, धुळीने भरलेली आहे, तहानेने व्याकुळ आहे. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, ती त्यांना थांबवते, स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. या भेटीला दुसरा साक्षीदार नाही, म्हणून इतिहासकाराने इथेही जपूनच चालले पाहिजे. पण ती तपासायला लागणारे सगळे साहित्य लेखकाने हाती दिलेले आहे. पाहणारा कोण, तो कुठे उभा होता, तो स्वतः कशा अवस्थेत होता, हे आपल्याला कळते. तो काय पाहू शकत होता आणि काय पाहू शकत नव्हता, याचा अंदाज करता येतो. पाणी कोणी काढायचे आणि कोणाच्या हातचे घ्यायचे, याकडे त्याचे लक्ष जाते ते तो वैदिक ब्राह्मण आहे म्हणून. या भटजींनी घरी परतताना आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर आणली. पाण्याविषयीची त्यांची जाणीव किती खोलवरची होती हे त्यावरून समजते, आणि विहिरीवरचे पाणी त्यांच्या स्मरणात इतके का रुतून बसले तेही समजते.

यावर पहिला आक्षेप येतो तो गंभीर आहे आणि त्याला झटकून टाकता येणार नाही. आठवण फसवते. जितकी ठसठशीत तितकी ती खरी, असे मुळीच नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी याचा सरळ पुरावाच गोळा केला. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला. ही बातमी आपल्याला कुठे, कशी, कोणाकडून कळली, हे एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेण्यात आले. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्याच काही जणांना तोच प्रश्न विचारला, तेव्हा अनेकांनी वेगळीच हकिकत सांगितली, तीही पूर्ण खात्रीने आणि तपशीलवार. आपल्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवल्यावरही काहींची खात्री डळमळली नाही. या प्रयोगात हरवलेल्या गोष्टी कोणत्या, ते पाहण्यासारखे आहे. आपण कुठे होतो, बरोबर कोण होते, कोणती वेळ होती, बातमी कुठून आली, याच त्या गोष्टी. म्हणजे तपशिलाला चिकटलेली जागा आणि वेळ सर्वांत आधी सुटते. दृश्य मात्र तसेच लखलखीत राहते आणि दुसऱ्याच जागी जाऊन बसते. नायसर यांनीच त्याआधी, १९८१ साली, वॉटरगेट चौकशीतल्या जॉन डीन यांच्या साक्षीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. डीन यांची स्मरणशक्ती विलक्षण मानली जात होती. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतल्या संभाषणांच्या ध्वनिफिती पुढे हाती आल्यावर दिसले, की अमुक बैठकीत अमुक वाक्य, अशा स्वरूपाची त्यांची साक्ष ठिकठिकाणी चुकलेली होती. पण त्या महिन्यांत तिथे वारंवार काय चालले होते, याबद्दल त्यांनी सांगितलेले खरे होते. आठवणी लिहिणाऱ्याला या दोन अभ्यासांतून मोठी मदत मिळते. एकदाच घडलेल्या प्रसंगाची आठवण नाजूक असते आणि पुन्हा पुन्हा घडलेल्या गोष्टीची टिकाऊ, एवढे जरी मनाशी पक्के केले तरी आपल्या साठ्यातल्या कोणत्या तपशिलावर किती भार टाकायचा ते ठरवता येते.

हा फरक लिहून दाखवायला मराठीइतकी सोयीची भाषा शोधून सापडणार नाही, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे रीतिभूतकाळ आहे. येई, जाई, बसे, म्हणे, ही रूपे नित्याच्या, सवयीच्या भूतकाळासाठीच घडलेली आहेत. 'पहाटे जात्याची घरघर ऐकू येई' या वाक्यात लेखक कोणत्याही एका पहाटेची हमी देत नाही. अनेक पहाटांची देतो, आणि तेवढीच त्याला देता येते. 'त्या पहाटे जात्याची घरघर ऐकू आली नाही' असे पुढचे वाक्य आले की एक विशिष्ट पहाट उगवली, काहीतरी बिनसले, कोणी आजारी पडले किंवा गेले, हे वाचकाला न सांगता कळते. नित्याचा आवाज थांबणे ही इथे घटना झाली आहे. पहिल्या वाक्याने काळाचा विस्तार दिला, दुसऱ्याने त्यातला एक क्षण वेगळा काढला, आणि दोन्ही कामे एकाच आवाजाने केली. इंद्रियानुभव आणि काळ हे एकच काम आहे असे मी म्हणतो ते या अर्थाने. अलीकडच्या लेखनात ही रूपे मागे पडत चालली आहेत याचे मला वाईट वाटते. त्यांच्या जागी सगळीकडे 'यायचा', 'जायची' येते, किंवा त्याहून सैल असे 'येत होता'. बोलीत 'यायचा' चालतेच, आणि बोलीतल्या कथनात ते शोभूनही दिसते. पण ज्याला येई, यायचा, येत असे आणि येत होता यांच्या छटा वेगळ्या वापरता येतात त्याच्यापाशी काळ हाताळण्याची चार साधने असतात. उलट, आणखी एक प्रथा हल्ली फार बोकाळली आहे. सगळे आत्मकथन वर्तमानकाळात लिहायचे: मी दार उघडतो, समोर आई उभी आहे, बाहेर पाऊस पडतो आहे. आपल्या तोंडी गोष्टीत असा वर्तमान ऐन प्रसंगाला येतो आणि अंगावर येतो, कारण तो मोजका असतो. तीनशे पाने तोच वापरला तर सगळे प्रसंग सारख्याच अंतरावर येऊन उभे राहतात, आणि पंचवीस वर्षांपूर्वीची पहाट कालच्या पहाटेपासून वेगळी काढता येत नाही.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे, आणि मला तो पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. वास, चवी, रंग यांची वर्णने हा सुखवस्तूंचा छंद आहे, असे म्हटले जाते. वाड्यातल्या माजघराच्या, कोकणातल्या माडापोफळीच्या, आजीच्या हातच्या पुरणपोळीच्या गोड आठवणींनी मराठी ललित लेखन इतके भरलेले आहे, की हा आक्षेप कोणी घेतला तर त्याला दोष देता येत नाही. पण त्या लेखनात खटकते ते इंद्रियसुख नाही. ती इंद्रिये कोणाची, हे त्यात दडवलेले असते, हे खटकते. चुलीच्या धुराचेच पाहा. पाटावर बसून गरम भाकरीची वाट पाहणाऱ्या मुलाला तो धूर खरपूस लागतो. ओल्या लाकडांवर फुंकणी घेऊन वाकलेल्या बाईला तो डोळ्यांत आणि छातीत जाणवतो. धूर एकच आहे, वेळ एकच आहे. साठ वर्षांनी तो मुलगा आठवणी लिहितो आणि धुराला सुवासिक ठरवतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. पण हे आठ वर्षांच्या, जेवायला बसलेल्या मुलाचे नाक आहे, हे त्याने लिहिले नाही तर ते वर्णन सगळ्या घराचे म्हणून पुढे येते आणि त्यातून आई वजा होते. १९७२च्या दुष्काळाबद्दल हेच. त्या वर्षी रेशनवर आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि कामांवर वाटली जाणारी सुकडी यांची आठवण एका आख्ख्या पिढीला आहे. तेव्हा सहा वर्षांच्या असलेल्या माणसाला सुकडीचा गोडवा आठवेल, आणि त्याच कामावर खडी फोडणाऱ्या त्याच्या आईला हाताचे फोड आठवतील. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत, मात्र दोन्हींवर वय लिहिलेले असले पाहिजे.

दलित आत्मकथनांनी मराठीला जे दिले त्यात ही गोष्ट मी फार वरची मानतो. इंद्रियांची मक्तेदारी त्यांनी मोडली. मेलेल्या जनावराच्या मांसाच्या वाळवलेल्या चान्या, गावकुसाबाहेरचा दर्प, मागून आणलेल्या शिळ्या तुकड्यांची चव हे तपशील आले तेव्हा मराठी वाचकाला कळले, की आपल्या साहित्यात आजवर काही ठरावीक घरांतलीच नाके आणि जिभा बोलत होत्या. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८२ साली 'स्त्री' मासिकातून आणि १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्याची निवेदिका 'मी'पेक्षा 'आम्ही' अधिक बोलते. आषाढातल्या सणाचे, घरे सारवण्याचे, न्हाण्याधुण्याचे वर्णन त्यात येते, आणि हा महिना महारवाड्यातल्या बायांना इतका मोलाचा का वाटावा याचा विचार करताना उरलेल्या अकरा महिन्यांचा हिशेब वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. एका महिन्याच्या स्वच्छतेने वर्षभराची वंचना मोजून दाखवली, हे काळ हाताळण्याचे असे कसब आहे की त्याला प्रशिक्षित कादंबरीकारानेही मान द्यावा. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद पाककृती आणि आठवणी एकत्र ठेवून केली. तिथेही कोणता पदार्थ कोणत्या ऋतूत, कोणत्या टंचाईत, कोणाच्या उरलेल्यातून शिजत होता, यानेच चवीला अर्थ येतो. भुकेबद्दल लिहिताना वर्णन टाळावे, नुसते सत्य सांगावे, असा जो सल्ला दिला जातो तो मला म्हणूनच पटत नाही. 'आम्ही उपाशी होतो' हे वाक्य कोणीही लिहू शकतो. कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या घरातून येणाऱ्या फोडणीच्या वासाने ती भूक असह्य होत असे, हे ज्याने भोगले तोच लिहू शकतो.

आता काळाच्या अवघड बाजूकडे येतो. आठवणी लिहिणारा माणूस एकाच वेळी दोन वयांचा असतो: घडले तेव्हाचा आणि लिहितानाचा. लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक आहे, घडताना तो कोणालाच ठाऊक नव्हता. या दोघांपैकी कोण बोलतो आहे हे प्रत्येक परिच्छेदात स्पष्ट असणे, हे मला आत्मकथनाचे सर्वांत मोठे नैतिक बंधन वाटते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या कसोटीवर जशी उतरतात तसे दुसरे पुस्तक मराठीत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर त्याने आकाश कोसळले. पुढे १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला तो १९३४ मध्ये. म्हणजे लिहिणारी बाई तीस-पस्तीस वर्षांपासून श्रद्धावान ख्रिस्ती आहे. १८९५च्या त्या दुःखाला 'तेव्हा मला समज नव्हती' असे म्हणून बाजूला सारणे, किंवा त्याला ईश्वरी योजनेची पहिली पायरी ठरवणे, तिला किती सोपे होते! तिने तसे केले नाही. सोवळ्यात वाढलेल्या, नवऱ्याने टाकल्यासारख्या झालेल्या तरुण बाईचा आकांत तिने त्या बाईच्याच अंगाने लिहिला. विटाळाची शिसारी आली तर ती तेव्हाच्या अंगावर आली तशी येते, आणि ती ओसरते तीही टप्प्याटप्प्याने, प्रसंगाप्रसंगाने. पुढच्या शहाणपणाचा हात मागच्या दुःखावरून फिरलेला नाही, म्हणून पुढचे शहाणपण खरे वाटते. दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) हीच दोन वये उघडपणे दोन माणसांत वाटून दिली. दगडू मारुती पवार सांगतो आणि शहरातला, शिकलेला, लेखक झालेला दया पवार ऐकतो. गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना यांचे वास दगडूच्या नाकाने येतात. त्यांची लाज वाटते ती ऐकणाऱ्याला. ती लाज नंतरची आहे, वासाबरोबरची नाही, हे या रचनेमुळे कधी धूसर होत नाही.

घटना कोणत्या क्रमाने सांगाव्यात, यावर नवे लेखक गरजेपेक्षा जास्त चिंता करतात. जन्मापासून सुरू करून सरळ पुढे जावे की मधूनच सुरुवात करावी, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. क्रम कोणताही चालतो, माप मात्र ठरलेले असावे लागते. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांच्या बदल्यांनी मोजल्या जातात. ती वर्षे आकड्यांपेक्षा नाशिक, धुळे, पुणे अशी गावांच्या नावांनी लक्षात राहतात, आणि त्या काळातल्या बाईचे आयुष्य कोणाच्या हुकमाने हलत असे हेही त्या मापातूनच दिसते. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) गाढवांच्या पाठीवर संसार लादून चाललेल्या कुटुंबाचे मुक्काम हेच माप आहे. सुनीता देशपांडे यांनी 'आहे मनोहर तरी'मध्ये (१९९०) कालक्रम सोडूनच दिला. एका आठवणीतून दुसरी निघते, तिच्यातून तिसरी. तरी वाचक भटकत नाही, कारण मागे वळून पाहणारी, हिशेब मागणारी ती उतारवयातली बाई पानोपानी एकाच जागी ठाम बसलेली आहे.

माप ठरले तरी आठवणीचे वय काढायचे कसे? वासाने जागी झालेली आठवण शब्दाने जागी झालेल्या आठवणीपेक्षा बहुधा आयुष्याच्या आणखी मागच्या, पहिल्या दहा वर्षांतल्या काळातून येते, असे प्रयोगांत आढळले आहे. अशा आठवणीवर साल लिहिलेले नसते. ते शोधावे लागते, आणि या शोधाचा कंटाळा करू नये. आपल्याकडे वर्षे आकड्यांनी लक्षात ठेवण्याची रीत नव्हतीच. प्लेगची साल, १९१८ची मानमोडीची साथ, पानशेत फुटले ते साल, किल्लारीचा भूकंप, अशा खुणा घराघरात होत्या, आणि आईवडिलांनी सांगितलेल्या जन्मकथा त्यांनाच बांधलेल्या असत. त्याहून बारीक खुणा ऋतूच्या. आठवणीत हुरडा असेल तर ती थंडीतली. त्याच दिवशी वळवाने झोडपल्याचेही आठवत असेल तर दोन दिवस एकमेकांत मिसळले आहेत, आणि शेतीवर वाढलेल्या वाचकाच्या ते तात्काळ ध्यानात येईल. १९५० साली मुंबईहून पुण्याला येताना इंजिनाच्या कोळशाची कणी डोळ्यांत गेली, असे कोणी लिहिले तर थांबून विचार करावा. त्या मार्गावर १९३०च्या सुमारासच विजेची इंजिने धावू लागली होती. ती कणी बहुधा पुण्यापुढच्या, मिरजेकडच्या किंवा सोलापूरकडच्या प्रवासातली. ही चूक सापडल्याने आठवण रद्द होत नाही. उलट, त्या सुट्टीत पुण्यापुढे आणखी एक प्रवास झाला होता, हे विसरलेले हाती लागते. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, बदलीचा हुकूम, लग्नपत्रिका, डॉक्टरांची जुनी चिठ्ठी, हे कागद लेखनाच्या टेबलावर असावेत ते सालांचे आकडे छापण्यासाठी नव्हे. आपल्या नाकाकानांनी जपलेल्या गोष्टींना त्यांच्या जागी परत नेण्यासाठी ते लागतात.

कधी कधी मात्र तपशील उरलेलाच नसतो, आणि बहुतेक वेळा तो नेमका सर्वांत मोठ्या प्रसंगाचा नसतो. मृत्यूच्या, मारहाणीच्या, अपमानाच्या क्षणी काय दिसत होते, कसला आवाज होता, याबद्दल मन कोरे असते, आणि भलतीच एखादी वस्तू, भिंतीवरचे कॅलेंडर किंवा कोणाची तरी चप्पल, तेवढी लख्ख आठवते. अशा वेळी लेखकाला भरणा करण्याचा मोह होतो. पाऊस पाडला जातो, दिवा फडफडतो, कुत्रे रडते. ज्याला हे स्वातंत्र्य हवे आहे त्याला मार्ग खुला आहे. आनंद यादवांनी 'झोंबी'ला (१९८७) आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हटले आणि कागलच्या त्या पोराच्या शिक्षणासाठीच्या झगड्याला कादंबरीची रुंदी घेतली. वाचकाशी केलेला करार मुखपृष्ठावरच लिहिलेला होता. त्याने पुस्तकाचे सत्य कमी झाले असे कोणी म्हणत नाही. पण ज्याने 'आठवणी' म्हणून पुस्तक हाती दिले आहे त्याने कोरी जागा कोरी ठेवावी, आणि ती कोरी आहे हे सांगावे. कॅलेंडर आणि चप्पल एवढेच आठवत असेल तर तेवढेच लिहावे. वाचक त्या दोन वस्तूंकडे पाहत बाकीचे ओझे स्वतः उचलतो, आणि असा विश्वास त्याच्यावर टाकलेला त्याला आवडतो.

शेवटचा मुद्दा स्वतः न लिहिणाऱ्यांचा आहे, आणि या पुस्तकाच्या वाचकांत आईच्या, आजोबांच्या, सासूबाईंच्या आठवणी लिहून घेणारे बरेच असतील म्हणून तो इथे घेतो. मराठीत अशा पुस्तकांची परंपरा चांगली आहे. आनंदीबाई कर्व्यांचे 'माझे पुराण' (१९४४) कावेरी कर्वे यांच्या हातून वाचकांपर्यंत आले. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०) अरुण साधूंच्या शब्दांकनातून आले, आणि तरी बाईंचा आवाज त्यात शाबूत राहिला. लिहून घेणारा सुशिक्षित असतो, त्याला प्रमाण भाषेची आणि सुसंगतीची ओढ असते. तो कालक्रम लावून देतो, पुनरुक्ती काढतो, बोलीतले क्रियापद बदलतो, आणि सांगणाऱ्याच्या तोंडून आलेली येई-जाईची लय घालवून बसतो. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली 'माझा प्रवास' छापताना मजकुरावर बराच हात फिरवला होता. गोडसे भटजींनी लिहिले तसे मूळ वाचायला मराठी वाचकाला दत्तो वामन पोतदारांच्या १९६६च्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले, आणि ते मिळाले याचे कारण हस्तलिखित कोणीतरी जपून ठेवले होते. आज आवाज मुद्रित करणे मोबाइलवर होते. तेव्हा घरातल्या माणसाचे बोलणे मुद्रित करताना तारीख, जागा आणि आपण विचारलेला प्रश्न, हे तिन्ही त्याच मुद्रणात मोठ्याने बोलून ठेवावे. सांगणारी व्यक्ती एकाच प्रसंगाची दोन रूपे दोन वेळा सांगत असेल तर दोन्ही ठेवावीत. पुस्तकासाठी जी भाषा घडेल ती घडो, मूळ आवाजाची प्रत वेगळी राखावी, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे नाव लिहून घेणाऱ्याच्या नावाच्या वर छापावे.